‘हार्डी’ झुडूप : काटक की चिवट?

प्रश्न : नागपूरहून विचारते आहे. टुंड्रा आणि उंच पर्वतांवरच्या फुलझुडपांविषयी मुलांसाठी लिहिते आहे. ‘हार्डी’ म्हणजे कठीण हवामानात तग धरणारं, त्यासाठी ‘काटक’ लिहिलं, तर मैत्रीण म्हणाली ‘चिवट’ बरं. पण चिवट म्हटलं की मुलांना गार पोळीच आठवेल! आणि आमच्याकडे ‘झुडपी’ म्हणजे सातबाऱ्यावरचं झुडपी जंगल, खुरट्या झुडपांची पडीक जमीन. मग झुडपासाठी संस्कृत ‘क्षुप’ लिहू का?

उत्तर : ताई, ‘चिवट’च लिहा. काटक म्हणजे अंगानं बारीक, पण कष्टाला न हटणारा. माणसाला, बैलाला तो शब्द शोभतो. ड्रायस ऑक्टोपेटाला घ्या. गुलाबाच्या कुळातलं हे झुडूप वाऱ्यापुढे उभंच राहत नाही. जमिनीला चिकटून पसरतं, फांद्या जागोजागी मुळं धरतात. जमिनीलगत वारा कमी, ऊब जास्त आणि हिवाळ्यात वर बर्फाचं पांघरूण. पांढरं, बहुधा आठ पाकळ्यांचं वाटीसारखं फूल सूर्याकडे वळत राहतं. मधला भाग हवेपेक्षा उबदार होतो, म्हणून कीटक तिथे येऊन बसतात. उन्हाळा जेमतेम असतो, तेवढ्यात बी पिकवायचं असतं. धरलेलं न सोडणं म्हणतात ते हेच. सुमारे 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीच्या थंडीच्या काळाला ‘यंगर ड्रायस’ हे नाव याच झुडपावरून पडलं. त्या काळच्या गाळात याची पानं सापडतात. आइसलँडचं तर हे राष्ट्रीय फूल आहे. ‘हिमसह’ असा शब्द कुणी सुचवेल, पण त्यात फक्त थंडी येते. वारा, कोरडेपणा, निकस माती हे सगळं बाहेर राहतं.

आणखी एक उत्तर : ‘क्षुप’ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ठीक, मुलांना नको. झुडपी जंगलाचं म्हणाल, तर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या त्या जमिनींना सर्वोच्च न्यायालयानं 2025 मध्ये वनजमीनच मानलं. शब्दाला कमीपणा कशाला? आपली धायटी झुडूपच आहे, अन् विदर्भाच्या उन्हात लालभडक फुलते. हिमालयातलं एक उदाहरणही घाला. बुरांश हा वृक्ष, पण त्याच्याच ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातीतली सुनपाती वृक्षरेषेच्या वर, म्हणजे जिथे मोठी झाडं वाढत नाहीत तिथे, ठेंगणी राहते. तिची पानं सुगंधी असतात, धुपात वापरतात. नेपाळी नाव आहे, तसंच ठेवा.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असं करते : ‘वाऱ्यापुढे न ताठता जमीन धरून राहणारी ही चिवट झुडपं.’ एवढं लिहिल्यावर पोळी आठवणार नाही.