एका मोसमाचे खेळणे : अनुभव

भोवरा, पतंग आणि गोट्या यांचे दिवस दरवर्षी ठरल्या वेळी परत येत असत. काही खेळणी मात्र अशी होती की एखाद्या वर्षी ती अचानक गल्लीभर दिसू लागली, ज्याच्याकडे नव्हती त्याचे तोंड उतरले, आणि पुढच्या दिवाळीच्या आत ती माळ्यावर जाऊन पडली. अशा एखाद्या खेळण्याबद्दल आपण सर्वांनी लिहावे, अशी विनंती आहे. ‘काय ते दिवस होते’ एवढ्यावर न थांबता ते कोणी आणले, कसे चालायचे आणि शेवटी त्याचे काय झाले, हेही सांगावे. सुरुवात मी करतो.

पुणे, शनिवार पेठ

हंगेरीतील एर्नो रुबिक या वास्तुकलेच्या प्राध्यापकांनी 1974 साली तयार केलेला रंगीत ठोकळा 1980 मध्ये जगभर विक्रीला आला आणि दोनेक वर्षांत आमच्या वाड्यापर्यंत पोहोचला. तोही अस्सल नव्हे. आतेभावाने मुंबईच्या फुटपाथवरून आणलेली ती नक्कल होती, आणि घामट हातांनी तिचे रंगीत कागद आठवड्याभरात कोपऱ्यांतून सुटू लागले. अख्ख्या वाड्यात ठोकळा एकच असल्यामुळे पाळ्या लागल्या: जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे आणि समोरच्या काकूंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतच ठोकळा हातात ठेवायचा. डाळीच्या दिवशी पाळी येणारा नशीबवान, भाताच्या दिवशीचा कमनशिबी.

मे महिन्यात माझ्या थोरल्या भावाने सोपा मार्ग काढला. वरचा थर अर्धवट फिरवून त्याने कडेच्या तुकड्याखाली स्क्रू ड्रायव्हर घातला, तुकडा टकदिशी उडाला, आणि मग सगळे तुकडे वर्तमानपत्रावर काढून झाले. पुन्हा बसवताना रंग जुळवायचे होते. पण तेवढ्यात खालून क्रिकेटसाठी हाक आल्यामुळे त्याने ते हाताला येतील तसे बसवून टाकले. पुढे शेजारच्या एका दादाने सूत्रे मिळवली, आम्ही ती पाठ केली, तरी प्रत्येक वेळी शेवटी एकच कोपरा वाकडा राहायचा. आई म्हणायची, ‘‘चिकाटी नाही तुमच्यात.’’

अभियांत्रिकीला गेल्यावर वसतिगृहातल्या एका मित्राने उलगडा केला. ठोकळा सुटा करून वाटेल तसा जोडला, तर तो पुन्हा जुळण्याजोगा असण्याची शक्यता बारांत एक इतकीच असते. उरलेल्या अकरा वेळा तुम्ही जन्मभर फिरवत बसलात तरी उपयोग नाही. मी भावाला पत्राने हे कळवले. उलटटपाली कार्ड आले: ‘‘आईला सांगू नकोस.’’

नागपूर

आमच्याकडे 1993 च्या सुमारास केबल आली आणि तिच्यामागोमाग अमेरिकन कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांची साथ आली. प्रत्येक पत्त्यावर क्रमांक, उंची, वजन, छाती आणि लढती छापलेल्या असत. आपण एक आकडा पुकारायचा, आणि ज्याचा सरस त्याने समोरच्याचा पत्ता न्यायचा. योकोझुना हा अगडबंब कुस्तीगीर हातात असला की डोळे मिटून ‘वजन’ म्हणावे आणि चुकूनही ‘उंची’ म्हणू नये, एवढे शहाणपण तिसरीतल्या मुलालाही होते. गणिताच्या बाईंनी माझा गठ्ठा जप्त केला. वर्षअखेरीस त्यांनी तो रबरबँडसकट परत दिला, पण तोवर वर्गात ब्रिक गेम हा हातातला व्हिडिओ गेम येऊन पोहोचला होता. त्याच्यावर 9999 खेळ असे छापलेले असे, आणि खरे पाहता जिकडेतिकडे वरून पडणाऱ्या विटाच.

कोल्हापूर

वरचे दोन्ही अनुभव मुलांचे आहेत. आमच्या गल्लीत मात्र ज्या खेळण्याने वेड लावले, ते मुलींच्या हातचे होते. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून त्या वर्षी कोणीतरी पत्र्याची पुटपुट बोट आणली, आणि पाठोपाठ प्रत्येक घरात एक बोट आली. निळा-तांबडा रंग, मागे पाण्यात बुडणाऱ्या दोन बारीक नळ्या, मधल्या छपराखाली वात ठेवण्याची इवलीशी डबी. आधी एका नळीत तोंडाने पाणी भरायचे आणि दुसरीतून थेंब आला की बोट परातीत सोडून पेटलेली वात आत सरकवायची. क्षणभर काहीच होत नसे. मग पत्रा थरथरू लागे, आणि ‘पुट-पुट-पुट’ करीत बोट परातीच्या कडेकडेने फिरू लागे.

मला त्या आवाजाचे कोडे होते. वडिलांनी ते सांगितले, तेव्हा मी त्यांना जगातला सर्वांत हुशार माणूस समजू लागले. छपराखाली, वातीच्या वर असलेल्या दुसऱ्या चपट्या डबीत पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतले पाणी मागे ढकलते आणि बोट पुढे जाते. वाफ थंड होताच डबी पुन्हा पाणी आत ओढून घेते, आणि या ओढाताणीत डबीचा पातळ पत्रा आतबाहेर होतो, तोच आवाज. वाचकांपैकी कोणी विचारील की पाणी आत ओढताना बोट मागे का येत नाही. बाहेर पडणारे पाणी धारेने एकाच दिशेला जाते, आत येणारे मात्र सगळीकडून गोळा होऊन येते, म्हणून मागचा हिसका जवळजवळ लागतच नाही.

माझी बोट माझ्याच घाईने गेली. धाकट्या बहिणीला दाखवताना मी नळ्यांत पाणी न भरता वात पेटवली. दोन मिनिटांत डाख वितळला, नळ्या सुटून परातीच्या तळाशी गेल्या आणि बोट नुसतीच तरंगत राहिली. कल्हईवाल्याने पुन्हा डाख लावून दिला खरा, पण इतका जाड की त्यानंतर बोट मागच्या बाजूला झुकून बसायची.

डोंबिवली

माझे बालपण बरेच अलीकडचे, म्हणून इथे लिहावे की नाही, असा प्रश्न पडला होता. 2006 मध्ये आमच्या सोसायटीत बेब्लेडची, म्हणजे एकमेकांवर आदळत गरगरणाऱ्या चकत्यांची, लाट आली. ड्रॅगून आणि ड्रॅन्झर या त्यांतल्या दोघांची नावे आम्ही देवांसारखी घेत असू. अस्सल बेब्लेड परवडण्यासारखे नव्हते, म्हणून स्टेशनबाहेरची नक्कल आली, आणि आखाड्याऐवजी बांधकामावरचे सिमेंट लागलेले घमेले आले. लाँचरमध्ये दातेरी पट्टी घालून ती खस्सकन ओढायची. तिचे दाते चौथ्या दिवशी झिजत.

आजोबांनी ते पाहिले आणि म्हणाले, ‘‘अरे, हा तर भोवराच आहे. ती तुझी पट्टी म्हणजे जाळी.’’ ते अगदी बरोबर बोलले होते. दोरी गुंडाळून फिरवायच्या बेइगोमा नावाच्या जुन्या जपानी भोवऱ्यांवरूनच टाकारा कंपनीने 1999 मध्ये बेब्लेड काढले, हे मला फार नंतर समजले. त्यांनी कपाटातून स्वतःचा लाकडी भोवरा काढला, जाळी गुंडाळली आणि घमेल्यात सोडला. त्याच्या लोखंडी आरेपुढे माझ्या ड्रॅगूनचा टिकाव लागला नाही. एक पाकळी तुटून थेट कुंडीत गेली. मित्रांनी हा डाव बाद ठरवला, कारण भोवऱ्याला पट्टी नसते. आजोबा दुसऱ्या दिवशी स्वतः स्टेशनवर जाऊन नवे बेब्लेड घेऊन आले आणि हातजाळी शिकवण्याच्या अटीवरच त्यांनी ते मला दिले. हातजाळी मला आजही येत नाही.

न्यू जर्सी

तामागोची जपानमध्ये 1996 च्या अखेरीस निघाले आणि 1997 च्या मे महिन्यात अमेरिकेत आले. अंड्याएवढ्या प्लास्टिकच्या पडद्यावर एक पिल्लू, खाली तीन बटणे. ते भुकेले की पिपाणी वाजे, घाण केली की स्वच्छ करावी लागे, आणि दुर्लक्ष झाले की मरून जाई. शाळेने ते आणायला बंदी केली. योगायोगाने त्या वेळी आजी पुण्याहून आमच्याकडे आलेली होती, म्हणून मी ते तिच्या स्वाधीन करून बसमध्ये चढत असे.

इंग्रजीचे एक अक्षर न वाचता तिने तिन्ही बटणे आठवड्यात आत्मसात केली. मी घरी आले की दारातच अहवाल मिळे: ‘‘दोनदा जेवलंय, एकदा शी काढली, आता झोपवलंय.’’ पदराच्या गाठीला किल्ल्या असत, त्यांच्याच शेजारी ते अंडे लटके. ऑक्टोबरात ती परत गेली आणि शाळेच्या वेळात त्याला बघणारे कोणी उरले नाही. घड्याळ लावण्याच्या खुणेवर पडदा तसाच ठेवला, तर आतला सगळा कारभार थांबतो, ही युक्ती एका मैत्रिणीने सांगितली, आणि मी ते तसे करून खणात ठेवले. रविवारी पुण्याचा फोन आला. मिनिटाला पैसे मोजावे लागत, तरी आजीने आधी त्याचीच चौकशी केली.

‘‘झोपलंय,’’ मी म्हणाले.