जुने खेळाडू, नवे खेळाडू : तुलना करताना तुम्ही काय धरता? (अनुभव धागा)

लातूरचा पॉइंट गार्ड
गावातल्या बास्केटबॉलच्या सिमेंटच्या कोर्टावरचा रंग उडालाय आणि खालून जुनी थ्री-पॉइंटची रेषा वर आलीय, जिच्या बाहेरून टाकलं की दोनऐवजी तीन गुण. ६.२५ मीटरची. तिच्या बाहेर आताची ६.७५ ची. मधल्या अर्ध्या मीटरकडं बघून तो जुना वाद आठवला, मोठा खेळाडू कोण, मायकल जॉर्डन का लेब्रॉन जेम्स, विल्ट चेंबरलेन का करीम अब्दुल-जब्बार. रेषा नव्हती तेव्हाचे गुण अन् रेषा आल्यावरचे गुण आपण एकाच तागडीत टाकतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, ही रेषा १९७९-८० ला आली, फिबाकडं, म्हणजे जागतिक संघटनेकडं, १९८४ ला, आणि फिबानं ती मागं नेली २०१० ला. चेंबरलेन १९७३ लाच थांबला, त्याच्या ३१,४१९ गुणांत तीनचा एकही नाही. तुम्ही काय धरता, काय वगळता, लिहा.

परभणीकर
आधी वेग धरा. चेंबरलेनची १९६१-६२ ची सामन्यामागं ५०.४ गुणांची सरासरी सगळे सांगतात, पण त्या वर्षी एक संघ सामन्यात साधारण १०८ वेळा रिंगकडं चेंडू टाकायचा. १९९७-९८ ला तेच ८० वर आलं. आता ८९-९०. आणि तो सरासरी ४८.५ मिनिटं मैदानावर होता. सामना ४८ चाच, वरचं ओव्हरटाइम, म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ.
रिबाउंडचंही, म्हणजे चुकलेल्या नेमाचा चेंडू पकडण्याचंही, तेच. तेव्हा शंभरातले ५७ नेम चुकायचे, म्हणजे दोन्ही संघांचे मिळून सव्वाशेच्या आसपास चेंडू रिंगवरून परत यायचे. १९९७-९८ ला नव्वदच्या आत. त्या हंगामातले चेंबरलेनचे सामन्यामागं २५.७ रिबाउंड मोठेच, पण भागून बघा.

जालना_सेंटर
भागायला आकडे तरी पुरते कुठं आहेत? टर्नओव्हर (चेंडू गमावणं) १९७७-७८ पासून मोजले, स्टील (चेंडू हिसकावणं) अन् ब्लॉक (रिंगकडं टाकलेला चेंडू हातानं अडवणं) १९७३-७४ पासून. बोस्टनचा सेंटर बिल रसेल, त्याचा एकही ब्लॉक अधिकृत नोंदीत नाही, आणि त्याचा सगळा खेळच तो होता. ब्लॉक केलेला चेंडू तो बाहेर भिरकवायचा नाही, आपल्याच गड्याकडं ढकलायचा. १३ हंगामांत ११ विजेतेपदं. लोक म्हणतात तेव्हा सुरुवातीला आठच तर संघ होते. अहो, आठ संघ म्हणजे तेच तगडे गडी वर्षभर पुन्हा पुन्हा समोर. कच्चा संघ वाट्याला कमीच यायचा.

अंबडची ताई
भाकरी थापता थापता लिहितेय. एक गोष्ट सरळ ताडता येते, फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर मिळणारा मोकळा नेम. १५ फुटांची ती रेषा एनबीएत कधी हलली नाही, समोर कोणी हात घालत नाही, वेगाचा संबंध नाही. चेंबरलेन आयुष्यभर ५१ टक्के. पण १९६२ च्या १०० गुणांच्या सामन्यात ३२ पैकी २८! त्या हंगामात तो दोन्ही हातांनी खालून टाकायचा. पुढं सोडून दिलं. एनबीएतल्याच रिक बॅरीनं नाही सोडलं, तो नव्वदच्या घरात राहिला. खालून टाकलेला चेंडू मागं फिरत मऊ उतरतो, रिंगला लागला तरी लांब उडत नाही.

नांदेड_१५
जॉर्डनवाल्यांसाठी. १९९४-९५ ते १९९६-९७ एनबीएनं थ्रीची रेषा सगळीकडून २२ फुटांवर आणली होती. १९९५-९६ ला त्याचे थ्री ४२.७ टक्के. रेषा मागं गेली त्या १९९७-९८ ला २३.८. तो तिथूनही मोठाच आहे, पण ४२.७ दाखवून त्याला आताच्या थ्रीवाल्या स्टीफन करीच्या शेजारी बसवू नका.

बीडचा बापू
अन् दुसरी बाजू पण सांगा की. जॉर्डनच्या काळात राखणारा कमरेवर हात ठेवून दाबत न्यायचा. २००४-०५ पासून त्यावर सक्त फाउल. उलट तेव्हा झोन डिफेन्सला (गड्यामागं न जाता जागा राखण्याला) बंदी होती, २००१-०२ ला उठली. म्हणजे एकीकडं सोपं झालं, दुसरीकडं अवघड. 'आताचा खेळ मऊ' म्हणणारे पहिलंच तेवढं बघायलेत.

धाराशिवची आई
मधेच विचारते, माफ करा. लेकीला चेंडू घ्यायचाय, तेरा वर्षांची आहे. ७ नंबर का ६?

नांदेड_१५
ताई, ६. मुली-बायकांचा मोठेपणीही ६ च असतो. दुकानात सहा फुटांवरून सोडून बघा, चार ते साडेचार फूट उसळला पाहिजे. सिमेंटवर खेळणार असेल तर रबरीच घ्या. चामड्याचा महिन्यात सोलतो.

जालना_सेंटर
वय झालेल्यांचं कोणीच लिहिना. उडी आधी जाते, नेम शेवटी. करीम १९८५ ला ३८ व्या वर्षी फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), कारण स्काय हुक, म्हणजे डोक्यावरून एका हातानं टाकलेला नेम. खांदा राखणाऱ्याकडं, चेंडू लांबच्या हातात, उडी फारशी लागतच नाही. सॅन अँटोनियो स्पर्सचा टिम डंकन २०१४ ला ३८ व्या वर्षी पाचव्यांदा विजेता. त्याचा बँक शॉट (बोर्डवर आपटून रिंगमध्ये) ४५ अंशांच्या आसपास उभं राहून, बोर्डवरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यावर. आणि सामन्यामागं खेळायची मिनिटं किती उतरवली बघा, २००१-०२ ला ४०.६, २०१३-१४ ला २९.२. त्या हंगामात स्पर्सचा एकही गडी सरासरी ३० मिनिटं खेळला नाही.

परभणीकर
ते लाकडाच्या फळ्यांवर. आपल्याकडं गुडघे सिमेंट खातं, त्यात खाली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा स्लॅब उचलतो. माती अडीच-तीन फूट उकरून मुरूम थराथरानं पाणी मारून दाबला नाही तर दोन उन्हाळ्यांत तडे. तड्यावर चेंडू तिरका जातो, घोटा मुरगळतो तो इथंच.

धाराशिवची आई
अगदी अगदी. आमच्याकडं तेच झालंय. चेंडूचं कळलं, दादा, आभारी आहे.

लातूरचा पॉइंट गार्ड
वाचून बरं वाटलं. रविवारी रेषा नव्यानं मारायचीय, कोणाला माप पाठ आहे?

अंबडची ताई
दादा, रिंगच्या मध्याखाली ओळंबा सोडा. तो बिंदू एंड लाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटर आला पाहिजे, नाही आला तर पोल हललाय, आधी तो सरळ करा. तिथून ६.७५ वर कमान, हे माप रेषेच्या बाहेरच्या कडेचं. कोपऱ्यात कमान नाही, साइड लाइनपासून ९० सेंटिमीटरवर सरळ रेषा. रेषेची जाडी ५ सेंटिमीटर. सुतळी घेऊ नका, ताणते आणि कमान वाकडी येते, पोलादी टेपच घ्या. सकाळी आठच्या आत मारा, तापल्या सिमेंटवर रंग फुगून पापुद्रे निघतात.

बीडचा बापू
अन् जुनी ६.२५ ची खरवडू नका. फिक्या रंगानं बारीक ठेवा. बारक्या लेकरांना ६.७५ वरून टाकायला लावलं की ती खांद्यानं फेकायलेत, मग कोपर बाहेर जातो. आधी तिथून नेम बसू द्या.