मदत हवी आहे: बुलेट ३५०, प्रायमरीतून गळती, चेनची खळखळ आणि घाटात क्लच घसरतोय

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. गाडी १९९४ची बुलेट ३५०. जुनं कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. वडिलांची गाडी. ते आता चालवत नाहीत, दीड वर्षापासून माझ्याकडे आहे. मी मेकॅनिक नाही. पाने आहेत, हौस आहे आणि रविवार मोकळा असतो.

तक्रारी तीन. गाडी उभी केली की प्रायमरीच्या (इंजिन ते क्लच जाणाऱ्या चेनची डावीकडची पेटी) कव्हरच्या खालून थेंब थेंब तेल, सकाळी फरशीवर बशीएवढा डाग. दुसरी, आयडलिंगला डावीकडून खळखळ, डब्यात चिल्लर हलवल्यासारखी. रेस दिली की कमी होते. तिसरी तक्रार परवाची. वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात तिसऱ्या गिअरला इंजिनाचा आवाज वाढला, गाडी मात्र होती त्याच वेगात. मागून बायकोने विचारलं, "दमली का ही?"

आतापर्यंत केलेले उपचार: गॅरेजमध्ये कव्हरचं रबर बदललं, वरून सिलिकॉन लावलं. आठ दिवसांत गळती परत. मग मी कव्हरचा मधला नट आणखी आवळला, तर गळती उलट वाढली. तेलाचं म्हणाल तर गॅरेजवाल्याने "कुठलंही चालतं" म्हणत कारचं उरलेलं ओतलं होतं.

आता जो तो सांगतोय क्लच प्लेट टाक, चेन टाक. मागवण्याआधी इथे विचारतोय. सुरुवात कुठून करू?

दख्खनदौड:
भाऊ, प्रायमरीत टेन्शनर (चेनचा ताण धरणारा भाग) आपोआप ॲडजस्ट होतो, तिथे हात घालायची गरज नाही. माझी २०१४ची आहे, कधी उघडली नाही. प्लेट बदला, मोकळे व्हा.

जुनाट नट:
दख्खनदौड, तुमचं युसीई, म्हणजे नवीन पद्धतीचं इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं इंजिन. त्यात तो टेन्शनर आपोआप चालतो, बरोबर. यांच्या गाडीत खालच्या बाजूला लोखंडाची वाकडी पट्टी आहे, स्क्रूने वर-खाली होणारी. ती कुणीतरी हाताने सरकवल्याशिवाय सरकत नाही. ३० वर्षांत कुणी सरकवली असेल की नाही, देव जाणे.

कृष्णाकाठ, आधी दोन गोष्टी सांगा. कव्हर उघडलं तेव्हा तेल किती निघालं? आणि इंजिन ऑइल कमी होतं का?

कृष्णाकाठ:
मोजलं नाही हो. ट्रे भरून फरशीवर सांडलं, एवढं आठवतंय. इंजिन ऑइल कमी होतं, दर महिन्याला थोडं ओततो. जुनी गाडी तेल पिणारच, असं समजून चाललो होतो. धूर मात्र नाही.

जुनाट नट:
मग तेल पीत नाहीये ती, दुसऱ्या घरात नेऊन ठेवतेय.

३५०च्या प्रायमरीत साधारण ४२० मिली लागतं. ट्रे भरून सांडलं म्हणजे आत त्याहून जास्त होतं. तुम्ही ओतलेलं जास्त नसेल, तर जास्तीचं आलं कुठून? इंजिन आणि प्रायमरी यांच्या मध्ये क्रँकच्या दांड्यावर, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) मागे, एक ऑइल सील असतं. तिथून इंजिनाचं तेल प्रायमरीत ढकललं जातंय, असा माझा संशय. पातळी चढते, कव्हरच्या रबरावर ताण येतो, क्लच गरजेपेक्षा जास्त तेलात बुडतो. एका कारणाची तीन तोंडं. पण संशयावर पैसे खर्च करू नका, मोजून बघा.

सगळं तेल काढा, आतून पुसून घ्या. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि नवीन तेल लेव्हलच्या स्क्रूच्या भोकातून ओघळायला लागेपर्यंतच भरा. किती बसलं ते लिहून ठेवा. दीडशे किमी चालवा. परत काढा, परत मोजा. तोवर घाटात जाऊ नका.

आणि तो मधला नट. अख्खं कव्हर त्या एका नटावर आहे हे खरं, म्हणून त्याचा गळा आवळायचा नसतो. जास्त आवळलं की कव्हर मधे दबतं आणि कडा रबरापासून सुटतात. म्हणून तुमची गळती वाढली.

रानफुल:
आमच्या घरी १९८९ची आहे, त्यामुळे थोडं सांगते. कव्हर काढताना डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पायडल आधी काढून घ्या, नाहीतर अर्ध्यात अडकतं. सांध्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, तिथे एक ओरखडा पडला तरी तो कायमची गळती देतो. लाकडी हातोडीने कडेकडेने ठोका, सुटतं. कव्हरला चिकटलेलं जुनं सिलिकॉन नखाने काढा. कंटाळवाणं काम आहे, पण पातं वापरू नका.

अल्टरनेटरच्या (वीज बनवणाऱ्या भागाच्या) वायरी आतल्या केसमधून बाहेर जातात, तिथलं रबरी बुचही बघा. आमची गळती तिथून होती आणि आम्ही सहा महिने कव्हरलाच शिव्या घातल्या.

रेड्डीचच्या:
एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांचं तेल) टाका. क्लच लोण्यासारखा चालतो.

जुनाट नट:
इंजिनाचं तेल आत येत असेल तर एटीएफ टाकून काय, सरमिसळच होणार. आणि ते पातळ, जिथून आता थेंब येतो तिथून धार लागेल. सध्या २०डब्ल्यू-५० टाका, डब्यावर जासो एमए (तेलात चालणाऱ्या क्लचसाठीची खूण) लिहिलेलं. कारच्या तेलात घर्षण कमी करणारे घटक असू शकतात. इंजिनाला ते मानवतं, तेलात बुडालेल्या क्लचला नाही. कुठलं तेल चांगलं यावर भांडायला वेगळा धागा काढा, मी येतो.

कृष्णाकाठ:
रविवारचा वृत्तान्त. कव्हर काढलं, रानफुल म्हणाल्या तसं ठोकून. आई दूध मोजते ते अर्ध्या लिटरचं माप घेतलं (तिला अजून माहीत नाही).

आत काय दिसलं ते सांगतो. चेनच्या वरच्या पट्ट्यात बोटाने वर-खाली सुमारे २० मिमी खेळ. खालच्या टेन्शनर पट्टीवर चेनने दोन चकचकीत चाकोऱ्या पाडल्यात, पण पट्टी शाबूत. पट्टीचा लॉकनट सुटेना, डिझेल लावून रात्रभर ठेवला तेव्हा सुटला. स्क्रू फिरवून खेळ ६ मिमीवर आणला, नट आवळला. क्लच केबललाही हँडलपाशी अजिबात ढिलाई नव्हती, तिथे २-३ मिमी दिली. नवीन तेल बरोब्बर ४२० बसलं. नट बेताने आवळला.

खळखळ गेली! पण आता चालताना डावीकडून बारीक "ऊंऽऽ" असा आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो. आधी नव्हता.

रानफुल:
चेन किती ठिकाणी मोजलीत?

कृष्णाकाठ:
एका. का?

रानफुल:
जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. तुम्ही ढिल्या जागी ६ मिमी ठेवलेत, म्हणजे घट्ट जागी ती तारेसारखी ताठ होत असणार. ऊंऽऽ तोच. अशीच चालवलीत तर क्रँक आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो. प्लग काढा, टॉप गिअर टाका, मागचं चाक हाताने थोडं थोडं पुढे फिरवा आणि दर वेळी खेळ बघा. सगळ्यात घट्ट जागा सापडली की तिथे ६ मिमी ठेवा. बाकी ठिकाणी १० आला तरी येऊ दे.

जुनाट नट:
+१. पुन्हा उघडाल तेव्हा अल्टरनेटरचा फिरणारा रोटर आणि त्याच्याभोवतीचा स्थिर स्टेटर यांमधली फट पण बघा. ०.२ मिमीची फीलर पाती (फट मोजायची पातळ पट्टी) चारी बाजूंनी सरकली पाहिजे. रोटरवर एका बाजूला घासल्याची चमक दिसली तर कळवा. रोटर चुंबक असतो, कव्हर उघडं ठेवून शेजारी कानस किंवा ग्राइंडर चालवू नका, सगळा चुरा त्यालाच जाऊन चिकटतो.

कृष्णाकाठ:
पुढचा रविवार. १६० किमी झाले. काढलेलं तेल: ५६० मिली! भरलं ४२०, थोडं गळूनही गेलं, तरी ५६०. दोन्हीकडे तेच २०डब्ल्यू-५०, त्यामुळे रंगावरून काही कळलं नसतं.

घट्ट जागा सापडली. तिथे खेळ जेमतेम १ मिमी होता. ६ केला, ढिल्या जागी आता ११ येतो. ऊंऽऽ गायब. रोटरची फट ठीक.

तर जुनाट नट, तुमचा संशय खरा. सील बदलायचं म्हणजे अल्टरनेटर, पुढचं स्प्रॉकेट, क्लच सगळं काढायचं ना? चेनला जोड दिसत नाही.

जुनाट नट:
जोड नसतोच. दुपदरी, अखंड चेन. पुढचं स्प्रॉकेट आणि क्लच एकत्रच बाहेर काढावे लागतात, आणि क्लचचा मधला भाग ओढायला पुलर लागतो. हातोडी-छिन्नीने करणारे आहेत, त्यांच्या क्लचची अवस्था मी बघितली आहे.

पण थांबा. सील खराब असेलही, पण त्याच्यावर दाब का येतोय ते आधी बघा. पिस्टन खाली आला की क्रँककेसमधली हवा बाहेर जायला वाट लागते. ती वाट म्हणजे ब्रीदरचा पाइप. त्याच्या टोकाला चपटं रबर असतं, बदकाच्या चोचीसारखं, डकबिलच म्हणतात त्याला. हवा बाहेर सोडतं, आत घेत नाही. ते कडक झालं किंवा चिकटलं, की आतला दाब जिथे फट मिळेल तिथून तेल ढकलतो. चहा-वडापावच्या पैशात येतं ते रबर. सीलला हात लावण्याआधी ते काढून फुंकून बघा.

कृष्णाकाठ:
मंडळी, बसून वाचा.

डकबिल शोधायला खाली वाकलो. पाइप सापडला. टोकाला रबर नाहीच. त्या जागी चिंधी, वर तांब्याच्या तारेचे घट्ट सात-आठ वेढे. चिंधी तेलाने काळी, दगडासारखी.

अप्पा, म्हणजे वडील, अंगणात पेपर वाचत होते. म्हटलं, हे कुणी बांधलं? पेपर खाली न करता म्हणाले, "मीच. तिथून तेल उडून पँट खराब व्हायची."

कधी बांधलं, तर "तुझ्या बारावीच्या वेळी". म्हणजे २००६. तेव्हापासून गाडी नाक दाबून चालतेय.

दख्खनदौड:
😂😂 अप्पांना दंडवत.

रानफुल:
पँट वाचली पण!

जुनाट नट:
अप्पांना दोष देऊ नका. त्या काळी हा इलाज निम्म्या तालुक्याने केला होता. नवीन डकबिल टाका, पाइप आतून रॉकेलने धुवा, लांबी अशी ठेवा की तोंड खाली आणि पँटपासून लांब येईल. क्लच प्लेट काढून पेट्रोलने धुवा आणि वाळवा. अस्तर जळून काळं गुळगुळीत झालं नसेल, तर त्याच प्लेट परत घाला. मग पुन्हा मोजणी.

कृष्णाकाठ:
शेवटचा हिशोब, तीन आठवड्यांनी.

डकबिल नवीन. प्लेट जुन्याच, धुतलेल्या. स्प्रिंगचे स्क्रू सोडताना एक स्प्रिंग उडून तुळशीत गेली, ती शोधण्यात पाऊण तास. प्लेटचं अस्तर चांगलं होतं. कव्हरला नवीन रबर, सिलिकॉन शून्य.

२१० किमीनंतर काढलेलं तेल: ४३० मिली. १० मिली वाढ माझ्या मापाची चूकही असू शकेल. फरशी कोरडी. इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकवर जागची हललेली नाही. काल पसरणी घाट चढलो, तिसऱ्याला, डबलसीट. अजिबात घसरली नाही. चेन तीच, खेळ तोच, आयडलिंगला किंचित कुरकुर आहे पण ती आता ओळखीची वाटते.

सील तसंच ठेवलंय. १००० किमीला परत मोजेन, वाढ दिसली तर इथेच पुलर मागायला येईन.

खर्च: डकबिल, रबर, एक लिटर तेल. शिवाय आईला दुधाचं नवीन माप, कारण जुन्याचा वास काही केल्या गेला नाही.