अनुभव धागा: कॉलेजचं स्मार्टकार्ड – कागद वाचला की प्लास्टिक वाढलं?

कट्टेकरी: मेसच्या जुन्या कुपनांचा गठ्ठा हाती लागला, म्हणून हा धागा. कुपनं गेली, कार्ड आलं. वजन जेमतेम ५ ग्रॅम, जाडी ०.७६ मिमी, पण पीव्हीसीच्या थरांत तांब्याची तार आणि चिप दाबून बसवलेली. थर सुटे होत नाहीत, भंगारवाला हात लावत नाही. दरवर्षी नवं छापलं तर पर्यावरण फक्त माहितीपत्रकात. लिहा.

रिबनवाला: कार्डावर चालू वर्ष छापताच कशाला? नाव, फोटो, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) पुरे, मुदत सर्व्हरवर. कार्ड प्रिंटरच्या रंगीत रिबनचा (रंगपट्ट्यांचा) एका बाजूला अख्खा सेट जातो, फोटो छापा नाहीतर एक ओळ. आणि वापरलेल्या रिबनच्या काळ्या पट्टीवर नाव-नंबर स्पष्ट वाचता येतो. तशीच कचऱ्यात टाकू नका, आधी कापा.

पंच_नको: कार्डातली अँटेना, म्हणजे ती तांब्याची तार, कडेकडेनं फिरवलेली असते. दोरीसाठी भोक पाडलं, तार तुटली, कार्ड मेलं!! होल्डर द्या. मागच्या खिशात घालून बसलं की चिपचा जोड सुटतो तो वेगळाच.

माजी मेस सेक्रेटरी: पोरांना झाडांचं सांगून कार्ड पटत नाही. रांग भराभर सरकली पाहिजे, आणि कोर्स संपल्यावर शिल्लक परत मिळाली पाहिजे. ती अडकली की ज्युनियरांपर्यंत बोंब जाते. शिल्लक कार्डात नको, सर्व्हरवर ठेवा, म्हणजे हरवलेलं लगेच ब्लॉक. नेट गेलं तर रीडरमध्ये ब्लॉक यादीची प्रत हवी.

चिपचिवडा: आणि रीडर नुसता कार्ड नंबर बघत असेल तर डुप्लिकेट मिनिटांत. मायफेअर क्लासिक या जुन्या कार्ड-चिपचं कुलूप २००८ पर्यंतच फुटलं होतं. त्यात फॅक्टरीची बारा एफ वाली चावी (पासवर्ड म्हणून नुसती बारा F अक्षरं) तशीच ठेवतात 🤦 डेसफायर ही जास्त सुरक्षित चिप घ्या.

पोह्यांवर_शेव: रविवारी श्रीखंड-पुरी असते का अजून?

माजी मेस सेक्रेटरी: असते. जादा वाटीचे पैसे कार्डातूनच 😄

कट्टेकरी: काही मेसमध्ये दर जेवणाला पावती छापतात. मग कुपनं बंद करून मिळवलं काय? थर्मल कागद रद्दीतही चालत नाही.

रिबनवाला: प्रिंटर काढा. हिरवा दिवा, स्क्रीनवर शिल्लक. बस्स.

ओला_सुका: जुनी कार्डं जाळू नका, हायड्रोजन क्लोराईडचा धूर होतो. ई-कचऱ्यात द्या. पीएलएच्या (वनस्पतीजन्य प्लास्टिकच्या) कार्डावर भाळू नका, ते घरच्या खतात कुजत नाही आणि उन्हातल्या गाडीत वाकतं.

पोह्यांवर_शेव: मग फोनच दाखवायचा ना?

चिपचिवडा: स्वस्त फोनात एनएफसी (रीडरला फोन टेकवून चालणारी सोय) नसतं. क्यूआर ठेवा, पण बदलता. स्थिर क्यूआरचा स्क्रीनशॉट अख्खा मजला वापरतो.