सेंट-गॉडन्स राहिलाच की!

लिंकन मेमोरियलमधला लिंकनचा पुतळा घडवणाऱ्या डॅनियल चेस्टर फ्रेंच या अमेरिकन शिल्पकाराबद्दलच्या लेखात छान लिहिलंय, पण त्याच पिढीतला शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स राहूनच गेला. जन्म डब्लिनचा, १८४८ चा. वाढला न्यूयॉर्कमध्ये, आणि लहान वयातच कॅमिओ (दगड-शिंपल्यावरची उठावदार छोटी चित्रं) कोरणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. ते बारीक कोरीवकाम हातात कायमचं मुरलं.

बोस्टनचं शॉ स्मारक (१८९७) बघाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचं नेतृत्व करणारा गोरा कर्नल शॉ घोड्यावर आहे, पण नजर जाते ती बाजूने चालणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकांकडे. एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही. कुणी दाढीवाला, कुणी अगदी पोरसवदा. खऱ्या माणसांना समोर बसवून त्याने ही डोकी घडवली. काम चालू होतं जवळजवळ १४ वर्षं, स्मारक समिती किती वैतागली असेल! मागच्या बाजूला नावं मात्र फक्त मारल्या गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची. सैनिकांची कोरली गेली थेट १९८० च्या दशकात.

अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टच्या आग्रहावरून त्याने २० डॉलरचं सोन्याचं नाणंही घडवलं. त्यावरच्या चित्राचा उठाव इतका, की टांकसाळीच्या यंत्राच्या एका दाबात ते नीट उमटेचना. टांकसाळीने शेवटी उठाव कमी केला, पण त्याआधीच, ऑगस्ट १९०७ मध्ये, सेंट-गॉडन्स वारला होता.