ग्रीनलँड शार्क आणि सायनोबॅक्टेरिया

वर एका ताईंनी विचारलंय की शेकडो वर्षं जगणाऱ्या ग्रीनलँड शार्कसमोर सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवून ऑक्सिजन सोडणाऱ्या सूक्ष्म जीवाणूंची, काय मातब्बरी? मला पारडं उलटं झुकताना दिसतं.

शार्कचं वय थक्क करणारंच. २०१६ साली २८ माद्यांच्या डोळ्यांतल्या भिंगांवरून वय काढलं, तेव्हा सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली. वयात यायलाच तिला दीडशेच्या आसपास वर्षं लागतात! याउलट प्रोक्लोरोकोकस हा सायनोबॅक्टेरिया साधारण दिवसातून एकदा दुभंगतो. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून १९८० च्या दशकापर्यंत त्याची ओळखच पटली नव्हती. (तो उबदार पाण्यातला, त्यामुळे या शार्कशी त्याची सहसा गाठ पडत नाही.) पण सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो याच कुळामुळे. तो नसता तर कल्ल्यांनी श्वास घेणारा शार्क आला कुठून असता?

आम्ही ऐरोलीकर हिवाळ्यात ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला जातो. छोटे रोहित पाण्या-चिखलातून जे गाळून खातात, त्यात सायनोबॅक्टेरियाही असतात. पंखांचा गुलाबी रंग अशाच खाण्यातून येतो. पुढच्या खेपेला दुर्बीण न्याल तेव्हा त्यांच्या पायाखालचा हिरवट थरही जरूर बघा.