काडतुसाच्या कारखान्याला 'पहिला पार्टिझान' हे नाव आज शोभतं का?

आडवाटेचा: सर्बियातल्या उझित्से गावात १९२८ साली शस्त्रं आणि काडतुसांचा कारखाना निघाला. १९४१ च्या सप्टेंबरात कम्युनिस्ट नेता टिटोच्या पार्टिझानांनी, म्हणजे जर्मनांशी लढणाऱ्या गनिमी सैनिकांनी, गाव घेतलं आणि जर्मनांनी व्यापलेल्या युरोपात ६७ दिवस स्वतःचं राज्य चालवलं. त्यांच्या रायफली, काडतुसं याच कारखान्याची. म्हणून युद्धानंतर नाव पडलं 'प्रवी पार्टिझान', पहिला पार्टिझान. आज तोच कारखाना अमेरिकेतल्या शिकाऱ्यांना माल विकतो. माझ्या मते आता ती नुसती पाटी उरलीय.

माईसाहेब: पाटी? विमानांच्या भीतीने त्या लोकांनी यंत्रं बँकेच्या तळघरात, तिजोऱ्यांच्या भुयारात नेली. २२ नोव्हेंबरला तिथेच स्फोट झाला, शंभरावर माणसं गेली. आठवड्याभरात जर्मन गावात. एवढं सोसल्यावर नावावर हक्क नाही का?

खोचक: माई, हळहळ मलाही वाटते. पण बंदुकीची दारू आणि माणसं एकाच बंद भुयारात ठेवायची? घातपात की अपघात, यावर अजून वाद आहे. शौर्याच्या नावाखाली हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

थ्रीनॉटथ्री: मला त्यांचं वेगळंच कौतुक. फ्रेंच लेबेल, इटालियन कार्कानो, आपली थ्री नॉट थ्री, अशा म्हाताऱ्या बंदुकांची काडतुसं ते अजून बनवतात. आमच्या काकांच्या टेबलावर खडकीच्या कारखान्याचं रिकामं काडतूस असायचं, बुडावर 'के एफ' ठोकलेलं. (काकू त्यात उदबत्ती खोचायची.)

आडवाटेचा: कौतुक मान्य. पण १९९२ पर्यंत गावाचं नाव 'तितोवो उझित्से', म्हणजे टिटोचं उझित्से, होतं. गावाने टिटोला खाली उतरवलं, कारखान्याने पार्टिझान ठेवला, कारण नाव खपतं. आणि पार्टिझान म्हणजे एक बाजू घेऊन उभा राहणारा ना? सर्बियन दारूगोळा युक्रेनला पोचतो म्हणून मे २०२५ मध्ये रशियाच्या हेरखात्याने आरडाओरडा केला, जूनमध्ये सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष वुचिच यांनी निर्यातच थांबवली. बाजू कुठली मग?

खोचक: कारखाना कसली बाजू घेतो, ऑर्डर घेतो! सुरू झाला तेव्हा तिथे राजाचं राज्य होतं.

माईसाहेब: भुयारात मेलेले ऑर्डर घ्यायला बसले नव्हते हो. त्या बँकेत आता संग्रहालय आहे. कोणी जाऊन आलं असेल तर भुयाराचे फोटो टाका.